पाच खिडक्यांचे पडदे

"जरा बसून बघता का?"

आवाज खालून आला. चिमीनं दचकून पाहिलं, तर बाकाच्या मागून आधी एक डोकं वर आलं — केसांत भुसा, कानामागे पेन्सिल — आणि मग सावकाश बाकीचा माणूस. उंच, सावळा, पस्तिशीच्या आसपासचा. हातात पेचकस.

"मी?"

"इथं दुसरं कोण आहे?" तो हसला. "तीन नवे बाक आहेत, त्यातला हा एक. मी स्वतः त्यावर बसून बसून कंटाळलो. दुसरं कुणी बसल्याशिवाय खरं कळत नाही हो, ताई."

आता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण चिमी जागची हलली नाही. गेली कित्येक वर्षं कुठल्याही नव्या जागी गेलं की तिची नजर आधी खुर्च्यांवर जायची, माणसांवर मागाहून. खुर्चीला हात आहेत का, असले तर आपण त्यात मावू का, मावलो तर परत निघू का. आणि आज तर ती मुद्दाम खुर्च्या बघायलाच आली होती.

तिचं असं होतं. पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता याच दवाखान्यात तिची वेळ ठरलेली होती. वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करतात ना, त्या डॉक्टरांची पहिली भेट. ऑपरेशन नव्हे, नुसती भेट. बोलायचं, वजन करायचं, प्रश्न विचारायचे. तरी ती भेट तिनं आधी दोनदा रद्द केली होती. एकदा घसा बसला म्हणून, आणि दुसऱ्यांदा घसा बसला नव्हता तरी बसला म्हणून. तिसऱ्यांदा रद्द केली तर नाव यादीच्या तळाशी जाणार होतं, म्हणजे वर्षाची निश्चिंती. तेव्हा वहिनीनं तोडगा काढला. "परीक्षेच्या आधी आपला नंबर कुठं आलाय ते बघून येतात की नाही? तशी जाऊन ये. खोली बघ, दारं बघ, संडास कुठं आहे ते बघ. अर्धी भीती तिथंच जाईल." म्हणून चिमी आली होती. जन्मली तेव्हा जेमतेम पावणेदोन किलोची होती, म्हणून घरातल्यांनी चिमी म्हटलं. नाव तिथंच राहिलं, ती मात्र पुढे गेली.

ती बाकावर बसली. बाक करकरला नाही, हे पहिलं. रुंद होता, हात नव्हते, गादीही बरी होती. पण उठायची वेळ आली तेव्हा तिला भिंतीला हात लावावा लागला. सुतार बघत होता. लोक बघतात तसा नाही. आपलं काम कुठं चुकलं, हे बघावं तसा.

"कसा वाटला?"

"छान आहे," ती सवयीनं म्हणाली. मग तिला राहवेना. "खोटं कशाला बोलू? बसायला छान, उठायला वाईट. उंची किती ठेवलीत?"

"सोळा इंच. सगळीकडं तेवढीच असते."

"सगळीकडं बसणारी माणसं इथं नाही यायची. इथं येणाऱ्यांचे गुडघे आधीच कुरकुरत असतात. साडेअठरा करा. आणि ही पुढची फळी काढा."

"ती तर शोभेची आहे."

"शोभेची असू दे. उठताना पाय मागं घ्यावे लागतात, त्याला जागाच नाही. तुम्ही बारीक माणसं नुसती उठता. आम्हाला त्याचं गणित करावं लागतं."

'आम्हाला' म्हणून गेल्यावर तिनं जीभ चावली. पण सुतारानं कानामागची पेन्सिल काढून फळीवर मोठ्या अक्षरात लिहिलं : साडेअठरा.

"आठ वर्षं दवाखान्यांचं फर्निचर करतोय. हे कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं होतंत का कुणाला?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं. "नाही," तो म्हणाला. आणि मग, अगदी सहज, "तुम्ही कुणाकडं आलात?"

एका बाबतीत इतकं खरं बोलून झाल्यावर दुसऱ्या बाबतीतही बोलायला हवं होतं. पण ती त्याच्या पिंगट डोळ्यांकडं बघत होती, आणि पिंगट डोळ्यांना सांगायचं काय, की मी पोट कापून घ्यायला येणार आहे? तिचा हात पर्सवर गेला. पर्सच्या तोंडातून तिची पिवळी टेप डोकावत होती. ती शिवणकाम करायची — जुने कपडे आवळून देणं, सैल करून देणं — आणि टेपशिवाय घराबाहेर पडत नव्हती.

"पडदे," ती म्हणाली. "पडद्यांचं माप घ्यायला आलेय."

"अहो, देवासारख्या आलात," पलीकडच्या टेबलामागून आवाज आला. दवाखान्याची नोंदवही सांभाळणाऱ्या बाई चष्मा सारखा करत उठून उभ्या राहिल्या. "उन्हानं डोळे जायची वेळ आली आमच्या. डॉक्टर महिनाभर म्हणतायत, कुणाला तरी बोलावते. तुम्हालाच बोलावलं वाटतं?"

"हो," चिमी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

अशा रीतीनं चिमी त्या सकाळी पाच खिडक्यांचं माप घेत फिरली. सुतार स्टुलावर चढून टेपचं वरचं टोक धरायचा, ती खालचं. पाचही खिडक्यांतून ऊन आत सांडलं होतं, आणि त्या उन्हात लाकडाचा भुसा इतका हळू तरंगत होता की जणू त्याला कुठं पोचायचंच नव्हतं. तिसऱ्या खिडकीशी टेप सुटली आणि सळसळत तिच्या खांद्यावर पडली. "सॉरी," तो वरून म्हणाला. ती वर बघायला गेली आणि तो खाली, आणि दोघंही आवश्यक त्यापेक्षा थोडं जास्त बघत राहिले. मग दोघांनाही चौथ्या खिडकीची एकदम आठवण झाली.

घरी वहिनी वाटच बघत होती. "आलीस बघून? कशी आहे खोली?"

"पाच खिडक्या आहेत."

"खिडक्या? बाकीचं काय?"

"एक सुतार आहे."

वहिनीनं भांडी पुसता पुसता हात थांबवला. "मग आता सुतार कसा आहे, असं विचारू का?"

"नको विचारूस," चिमी म्हणाली, आणि इतकी लाल झाली की विचारायची गरजच उरली नाही.

त्या दुपारी तिनं पर्समधून दवाखान्यानं पाठवलेला कागद काढला. त्यावर इतर सूचना होत्या, आणि सगळ्यात शेवटी चौकट : 'तुम्हाला हे कशासाठी हवं आहे, ते एका वाक्यात लिहून आणा.' चौकट पंधरा दिवस कोरी होती. 'बारीक व्हायचं आहे' असं तिनं एकदा लिहून खोडलं होतं, कारण ते तिला परक्या कुणाचं तरी वाक्य वाटलं. 'तब्येतीसाठी' लिहिलं, तेही खोडलं. आईला यातलं काही माहीत नव्हतं. पानात आणखी एक घास वाढणं म्हणजेच लेकीची काळजी घेणं, असं मानणाऱ्या आईला कुठल्या तोंडानं सांगायचं? चिमीनं कागद घडी करून ठेवला आणि मशीनवर बसली. सुई टकटक करत पळत राहिली आणि तिच्या डोळ्यांपुढे उन्हातला भुसा तरंगत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती कापडाचे नमुने घेऊन गेली. नोंदवहीच्या बाईंना मोठी फुलं हवी होती. सुताराला कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यानं एका फिकट हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हा. यातून उजेड येईल, पण ऊन नाही."

"तुम्हाला पडद्यांतलं कळतं?"

"नाही. पण हा तुम्ही सारखा वर ठेवताय आणि आम्ही सारखा खाली सरकवतोय. म्हणजे तुम्हाला आवडलाय."

चिमीनं तो तुकडा बाजूला काढला. माणूस आपल्याकडं नीट बघतोय, हे कळलं की आधी तिला चोरट्यासारखं व्हायचं. आज तसं झालं नाही. आज तिला उगाचच केस सारखे करावेसे वाटले.

सोमवारी तो बाक साडेअठरा इंचांवर आला होता. पुढची फळीही गेली होती. ती बसली, पाय मागं घेतले आणि भिंतीला हात न लावता उठली.

"जमलं," ती म्हणाली.

"मग अजून एकदा."

"का?"

"मला बघायचंय."

"बाकाकडं बघा, माझ्याकडं नाही."

"बाक मी रोजच बघतो."

ती पुन्हा बसली, पुन्हा उठली, आणि मग दोघंही हसायला लागले. हसता हसता तिच्या एक लक्षात आलं.

"आज तुम्ही एकदाही 'ताई' म्हणाला नाहीत. विसरलात वाटतं."

सुतारानं पेन्सिल उगाचच एका कानामागून दुसऱ्या कानामागं ठेवली. "विसरलो नाही," तो म्हणाला. "सोडलं."

घरी येताना चिमी कुठल्या रस्त्यानं आली ते तिला आठवेना. कोपऱ्यावरचा फुलवाला, औषधांचं दुकान, शाळेची भिंत, सगळं पाण्याखालून बघावं तसं मऊ आणि हलतं दिसत होतं. बत्तीस वर्षांत तिला कुणी ताई, कुणी मावशी, कुणी बहीण मानलं होतं. तिच्या हातचं शिवलेलं सगळ्यांना आवडायचं. पण तिला ताई म्हणणं कुणी सोडलं नव्हतं.

आणि मग मंगळवार उजाडला. पडदे निम्मे शिवून झाले होते, दांड्या कुठं ठोकायच्या ते ठरवायचं होतं. दोघं दुसऱ्या खिडकीशी चहाचे कप घेऊन उभे होते. दवाखान्यात एक बाई आणि तिची मुलगी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या; मुलगी विशीतली, चिमीएवढीच अंगानं भरलेली. त्या गेल्यावर सुतार हळूच म्हणाला, "मला एक कळत नाही. चांगली धडधाकट माणसं. कशाला सुरीखाली जातात? थोडं चाललं, थोडं कमी खाल्लं, तर होत नाही का? मला तर माणूस आहे तसाच आवडतो."

बोलण्यात विष नव्हतं. उलट शेवटचं वाक्य तो तिच्याकडं बघून म्हणाला होता, आणि दुसऱ्या कुठल्याही दिवशी ते वाक्य तिनं घरी नेऊन दहा वेळा आठवलं असतं. पण आज चिमीच्या हातातला चहा एकदम बेचव झाला. थोडं चाललं तर... तिनं किती चालून पाहिलं होतं, किती दुधी-काकड्यांवर महिने काढले होते, उतरलेलं वजन किती वेळा सव्याज परत आलं होतं, हे याला सांगायचं का? आणि सांगितलं तर कोण म्हणून?

"मला निघायला हवं," ती म्हणाली. "तुमचं काम उद्या संपतंय ना?"

"उद्या संपायला हवं." तो गोंधळला होता. "का? काही चुकलं का माझं?"

"नाही हो. पडदे राहिलेत शिवायचे."

बुधवारी ती मुद्दाम सकाळी लवकर गेली, तो यायच्या आत. सुतारानं आदल्या संध्याकाळी ठोकून ठेवलेल्या दांड्यांवर, नोंदवहीच्या बाईंच्या मदतीनं, पाचही पडदे लावले आणि उलट पावली परत आली. घरी येऊन तिनं फोन उचलला. दवाखान्याचा नंबर फिरवायला घेतला तेव्हा वहिनी दारात उभी होती.

"रद्द करतेयस."

चिमीनं मान डोलावली. मग तिनं सगळं सांगितलं — खिडक्या, साडेअठरा इंच, सोडलेलं 'ताई', चहा. वहिनीनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि हे त्या घरात क्वचितच व्हायचं.

"त्याला माणूस आहे तसा आवडतो," वहिनी शेवटी म्हणाली. "ठीक आहे. चांगला आहे बिचारा. पण गुडघे त्याचे दुखतात की तुझे?"

"माझे."

"जिना चढताना धाप कुणाला लागते?"

"मला."

"मग त्याला काय आवडतं ते मागाहून बघू. फोन ठेव."

चिमीनं फोन ठेवला. तसंही त्याचं काम आज संपणार होतं. उद्या तो तिथं नसणार, ती गुपचूप जाईल, गुपचूप येईल आणि पुन्हा कधी त्या पिंगट डोळ्यांसमोर उभं राहावं लागणार नाही. या विचारानं जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. रात्रीचं जेवण तिला गेलं नाही, आणि आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

गुरुवारी वहिनी बरोबर यायला निघाली होती, पण चिमी म्हणाली, मी एकटीच जाईन. अकराला दहा मिनिटं कमी असताना तिनं दवाखान्याचं दार ढकललं. आत पाचही खिडक्यांवर तिचे हिरवे पडदे होते आणि सगळी खोली तळ्याच्या तळाशी असल्यासारखी शांत, हिरवट दिसत होती. दोन-तीन माणसं बसली होती. आणि तिसऱ्या बाकापाशी, जमिनीवर मांडी ठोकून, तो बसला होता.

तिनंच उंची वाढवायला लावली होती. तीन बाकांचे पाय नव्यानं करायचे तर एक दिवस जास्त लागणारच. हे साधं गणित तिला सुचलं नव्हतं.

"आलात?" त्याचा चेहरा उजळला. "काल चुकामूक झाली. पडदे बघितलेत का, काय उजेड आलाय... या, हा शेवटचा बाक. बसून बघा आणि सांगा."

बसलेली माणसं बघायला लागली. नोंदवहीच्या बाईही म्हणाल्या, "अहो, पडदे तर काल लागले. आज पुन्हा कशा?"

चिमीला वाटलं, आता वळावं आणि जिना उतरावा. एक विसरलेली कात्री घ्यायला आले होते म्हणावं, रिंगा मोजायला आले म्हणावं. काहीही म्हणता आलं असतं. पाय दाराकडं वळलेसुद्धा. पण मग ती टेबलापाशी गेली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"आज पडद्यांसाठी नाही आले. अकराची वेळ माझीच आहे. त्या दिवशी मी खोली बघायला आले होते. घाबरले आणि पडदे म्हणाले."

नोंदवहीच्या बाईंनी वही उघडली, नाव शोधलं आणि चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "आणि मी तुम्हाला पाच पडदे शिवायला लावले," त्या म्हणाल्या.

मागं काहीतरी खळखळलं. सुताराच्या हातातला स्क्रूंचा डबा जमिनीवर सांडला होता. तो ते गोळा करत नव्हता. चिमी शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तो तिच्यासमोर तसाच खाली बसून होता, आणि त्याच्या सावळ्या चेहऱ्याचा रंग पार उतरला होता.

"मंगळवारी मी जे बोललो..." तो म्हणाला.

"असू दे."

"नको असू दे. बाक मी न विचारता ठोकला होता. तेही तसंच न विचारता बोललो." त्यानं पेचकस बाजूला ठेवला. "आता विचारू?"

"काय?"

"हे कशासाठी हवंय तुम्हाला?"

चौकटीतला प्रश्न. तीन आठवडे कोरा राहिलेला. चिमीनं त्याच्याकडं बघितलं — जमिनीवर मांडी घालून इतका सहज बसलेला माणूस — आणि तिला एकदम रडू आलं. पण ते आवरून ती बोलायला लागली.

"माझ्याकडं बायका कपडे घेऊन येतात. घोळ खालून सारखा करायचा असला की शिवणाऱ्यानं जमिनीवर बसायचं असतं. गिऱ्हाईक उभं, आपण खाली, तोंडात टाचण्या, आणि असं गोल गोल सरकत जायचं. मला ते फार आवडायचं. आता तीन वर्षं मी गिऱ्हाइकांना स्टुलावर चढवते. नवी पद्धत आहे म्हणून सांगते. त्यांना खरं वाटतं." ती थांबली. "मला पुन्हा जमिनीवर बसायचंय. आणि कुणाचा हात न धरता उठायचंय. एवढंच."

त्यानं कानामागची पेन्सिल काढून तिच्यापुढं धरली.

"हेच लिहा."

तिनं पर्समधला कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून चौकटीत तेवढंच लिहिलं. लिहून होतंय तोच आतून तिला बोलावलं गेलं. ती पाय मागं घेऊन उठली आणि आत गेली.

आत काय झालं ते फार मोठं नव्हतं. डॉक्टर चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी चौकटीतलं वाक्य दोनदा वाचलं. काट्यावर उभं केलं, आकडा सांगितला, आणि छत कोसळलं नाही. लगेच ऑपरेशन नव्हतंच. आधी तपासण्या, आहाराचं शिक्षण, मनाच्या डॉक्टरांशी बोलणं, सहा-आठ महिने तर सहज जाणार होते, आणि शेवटी नको वाटलं तर नको म्हणायचीही मुभा होती. चिमीनं आपले सगळे प्रश्न विचारले. एक तर चक्क विनोदी होता, आणि डॉक्टर हसल्या.

ती बाहेर आली तेव्हा साडेबारा वाजत होते. स्क्रू सगळे गोळा झाले होते, हत्यारांची पिशवी बांधून तयार होती, आणि सुतार शेवटच्या बाकावर बसला होता.

"काम संपलं ना तुमचं?"

"तासाभरापूर्वी." तो उठला. "बाक बरा झालाय. इतका वेळ बसून पाठ धरली नाही."

"मी आज काट्यावर एकशे सव्वीस भरले," चिमी म्हणाली. तिला ते कधीतरी सांगायचंच होतं. म्हटलं, आत्ताच सोक्षमोक्ष लागू दे.

"मी बाक दोनशेचा केलाय," तो म्हणाला.

ती हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हातातला एक नवा कागद तिनं उगाच उलटसुलट केला. पुढच्या आठ महिन्यांतल्या भेटींना बरोबर कोण येणार ते त्यावर लिहायचं होतं. नाव आणि पुढं, नातं.

सुतारानं तो कागद वाचला. "घरातलं कुणी येईल ना?"

"वहिनी येईल."

"मी आलो तर?"

पडदा वाऱ्यानं फुगला आणि पुन्हा खिडकीला चिकटला. चिमी पडद्याकडं बघत म्हणाली, "तुम्ही कशाला? आणि पुढं मी अशी राहणार नाही. तुम्हाला तर माणूस आहे तसा—"

"थांबा. मला बोलू दे, नाहीतर धीर जाईल." त्यानं आवाज खाली आणला. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी 'उठायला वाईट' म्हणालात तेव्हापासून. हे मी आज सांगतोय, कारण आठ महिन्यांनी सांगितलं, तर तुम्ही जन्मभर मनात म्हणाल की हा तेव्हा का नाही बोलला. तशी शंका तुमच्या डोक्यात नको. आज विचारतोय. आहात तशा असताना. पुढं तुम्ही व्हाल तशा व्हाल, मी बरोबर असेन. चालेल का?"

चिमीला किती गोष्टी वाटल्या. तिला वाटलं, खाली बसावं, वर उडावं, वहिनीला फोन करावा. त्या हिरव्या उजेडात तिला स्वतःचे हात दिसत होते, कागद धरलेले, आणि ते तिला आज पहिल्यांदा सुंदर वाटले.

"चालेल," ती म्हणाली. "पण आईला आधी सगळं सांगायचंय. ऑपरेशनचंही आणि... तुमचंही. आजच."

"मी येऊ?"

"आज नको. आज माझं मला सांगू दे. रविवारी या."

मग तिनं टेबलावरचं पेन घेतलं. नावाच्या रकान्यात वहिनीचं नाव लिहिलं, त्याखाली त्याचं. वहिनीपुढं नातं लिहिलं : भावजय. त्याच्यापुढं पेन जरा अडखळलं. मग तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं : आपलं माणूस.

नोंदवहीच्या बाईंनी कागद घेतला आणि चष्मा वर केला.

"अहो, असं नातं आमच्याकडं लिहीत नाहीत. पती, भाऊ, वडील, असं काहीतरी लागतं."

"ते पुढच्या वेळी बदलू," सुतार म्हणाला.

चिमीनं त्याच्याकडं बघितलं. "घाई आहे का तुम्हाला?"

"आठ महिने आहेत की," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.

बाईंनी थोडा वेळ विचार केला, मग कागदावर शिक्का मारला आणि तो फाइलमध्ये लावून टाकला.